मधुमेह : नाही

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई मजुरीला जायची तेव्हा तिनेच मला कडेवर वागवलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला, ती माघारी आली आणि रामाकोन्याकडच्या आमच्या वस्तीत, विहारामागच्या गल्लीत, एकटी राहू लागली. मूलबाळ नाही. पावसाळ्यात निंदण, मग कापूस वेचणं, कापूस संपला की सौंसरकडच्या एका जिनिंगमध्ये सरकी-रुईचं काम, उन्हाळ्यात संत्र्याची तोडाई. मी शिकलो तो तिच्या हातांवर. हे मी कौतुकानं सांगत नाही. मला तिचं देणं लागत होतं आणि मी ते कसं फेडलं ते सांगायचं आहे.

मी आरोग्य खात्यात कंत्राटी डाटा ऑपरेटर आहे. पांढुर्ण्याला खोली घेऊन राहतो. निरनिराळ्या आरोग्य केंद्रांतून रजिस्टरं येतात, ती मी कॉम्प्युटरवर चढवतो. टीबीच्या रोग्यांची नोंद माझ्याकडे होती. नाव, वय, वजन, थुंकीचा रिपोर्ट, गोळ्या कधी सुरू झाल्या. त्याच पानावर खाली एक रकाना असतो : मधुमेह. होय, नाही, माहीत नाही.

टीबी आणि साखर ही दोन्ही एकाच माणसाला होतात, एक असली की दुसरी बळावते, म्हणून टीबी सापडला की साखर तपासायचीच असा नियम आहे. हे मला नोकरीला लागल्यावर ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पण केंद्रांतून येणाऱ्या रजिस्टरात तो रकाना कोराच असायचा. साखर तपासायच्या पट्ट्या नसायच्या, किंवा असायच्या पण दुसऱ्या खिडकीवर, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या योजनेच्या. कोरा सोडला तर पान पुढे सरकत नसे. ‘माहीत नाही’ टाकलं तर नाव लाल यादीत जाई आणि महिन्याच्या बैठकीत आमच्या ऑफिसच्या साहेबांना विचारणा होई.

माझ्या आधीपासून तिथे असलेल्या ऑपरेटरने मला पहिल्याच आठवड्यात रीत शिकवली. म्हणाला, “खाली मत छोड़ो भैया. ‘नहीं’ डालो, आगे बढ़ो.”

मी ‘नाही’ टाकलं. पुढे गेलो. चार वर्षं मी ते करत होतो. किती नावं झाली असतील ते मी मोजलेलं नाही आणि मोजायची हिंमत नाही.

बाईला खोकला लागला तो जिनिंगच्या हंगामात. तिथे हवेत सगळीकडे रुईचा धुरळा, नाकाला पदर बांधून बाया काम करतात, त्यामुळे खोकला कोणाला नाही असं नसतंच. बाजारातल्या एका खाजगी डॉक्टरकडे ती गेली. त्याने छाती न तपासता सलाईन लावली, सुई दिली, चार रंगांच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. दोन महिने ती त्याच्याकडे जात होती. प्रत्येक वेळी सलाईन. सलाईन लावली की आमच्या लोकांना इलाज झाल्यासारखा वाटतो, आणि हे त्या डॉक्टरला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मी एका रविवारी घरी गेलो तर ती ओळखू येईना. गालाची हाडं वर आलेली, ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता.

“बाई, तू किती सुकली.”

“जिनिंगमंदी कोण मोटं होते?” ती म्हणाली. “खाणं तं पहल्यापेक्षा जास्त चालू हाय माहं. पानी तं इतकं पिते का बाया हासतात. आता माठाजवळ, आता मागं, इतकंच काम हाय म्हणते तुले.”

भूक जास्त, तहान जास्त, लघवी जास्त, वजन कमी. ही चारही लक्षणं मी आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेल्या पोस्टरवर रोज बघत होतो. त्या पोस्टरवर एक जाडजूड माणूस काढलेला आहे, हातात मिठाईचं ताट घेतलेला. माझी बहीण त्या माणसासारखी दिसत नव्हती. मी तिची थुंकी तपासायला दिली. रिपोर्ट आला. टीबी.

आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्रातून तिच्या गोळ्या सुरू झाल्या. कोणतं केंद्र ते लिहीत नाही, दुसरं असतं तरी हेच झालं असतं. जिनिंगच्या मुकादमाला कळल्यावर त्याने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ज्या धुरळ्यात ती दहा वर्षं राबत होती तो धुरळा कोणाला दिसला नाही, तिचा खोकला मात्र सगळ्यांना दिसला. शेजारणीने चहा द्यायचा कप बदलला. बाईने तो कप चहासकट तिच्या दारात नेऊन ठेवला आणि सांगितलं, “हा तुह्याच घरात राहू दे.”

तिचं रजिस्टरचं पान माझ्याकडे आलं. आपल्या माणसाचं नाव स्क्रीनवर टाइप करताना कसं वाटतं ते मला नेमकं आठवतं, कारण मी वय टाकताना थांबलो होतो. तिचं खरं वय कोणालाच माहीत नाही. अंदाजाने एक्कावन्न टाकलं. वजन टाकलं. मग तो रकाना आला. रजिस्टरात कोरा होता. मी ‘नाही’वर क्लिक केलं आणि पान पुढे गेलं.

मी विचार करून ते केलं असं नाही. बोटाला सवय झाली होती. पण सवय झाली होती हे सांगून मी सुटत नाही. ती माझी सख्खी बहीण होती, ऑफिसमधून खाली उतरून दोन दुकानं ओलांडली की खाजगी लॅब होती, तिला एकदा तिथे आणलं असतं तर पुरलं असतं, आणि तिची तहान मी माझ्या कानांनी ऐकली होती.

तीन महिन्यांत खोकला गेला. ताप गेला. वजन मात्र वाढलं नाही. उन्हाळ्यात ती म्हणू लागली की तळपाय जळतात.

“मुंग्या आल्यासारकं होऊन राहिलं. चप्पल पायातून निसटते तं समजत नाही.”

मी तिला घेऊन केंद्रावर गेलो. तिथल्या डॉक्टरसमोर भली मोठी रांग होती. त्याने मान वर केली आणि विचारलं, “टीबीच्या गोळ्या चालू आहेत ना? त्यानंच होतं.” एक व्हिटॅमिनची गोळी लिहून दिली. खोटं नव्हतं ते, त्या गोळ्यांनी पायाला मुंग्या येतात. पण दुसऱ्या कशानेही येतात, हे बघायला एक थेंब रक्त लागलं असतं. मी विचारलं, “सर, शुगर करून घ्यायची का?”

“कार्डवर काय आहे?”

त्याने कार्ड उलटलं. त्यावर माझ्याच कॉम्प्युटरमधून निघालेली पर्ची चिकटवलेली होती. “‘नाही’ लिहिलंय की,” तो म्हणाला आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

तिथे मी म्हणायला पाहिजे होतं की साहेब, ते मी लिहिलं आहे, न तपासता लिहिलं आहे. मागे लोक उभे होते. आमचं कंत्राट दरवर्षी नव्याने होई आणि तेही ऑफिसातल्या साहेबांच्या सहीने. मी कार्ड घेतलं आणि बाहेर आलो. बाईने विचारलं, “काय म्हणला?” मी म्हणालो, “ताकदीची गोळी दिली.”

पावसाळ्यात तिने निंदणाला जायला सुरुवात केली. मी नको म्हणालो तर ती म्हणाली, “मंग घरी बसून काय करू, भिताडं पाहू?” मागच्या हंगामातल्या कापसाच्या पऱ्हाटीचं टोकदार धसकट चिखलात उभं होतं. ते तिच्या पायाच्या बोटांखाली घुसलं. ती दिवसभर त्याच पायाने निंदत राहिली. घरी येऊन पाय धुतला तेव्हा पाणी लाल झालेलं दिसलं, म्हणून कळलं. दुखलंच नाही. दुखलं नाही म्हणून तिने हळद दाबून चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

मला हे काहीच माहीत नव्हतं. पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, दोन गावांची दगडफेक, जाम नदीच्या एका काठावर आम्ही, पलीकडे सावरगाव. आमच्या सगळ्या स्टाफची ड्यूटी नदीवर लागते. मला जखमींची नावं लिहायचं काम होतं. बाहेरून आलेले डॉक्टर, मलमपट्टीची टेबलं, टाके घालायचं सामान, कापसाचे गठ्ठे, रस्त्याला लागून ॲम्ब्युलन्स उभ्या. कपाळ फुटलेली पोरं हसत येत होती, टाके घालून पुन्हा नदीत जात होती.

दुपारी बाईच्या शेजारणीचा फोन आला. तीच, कपवाली.

“भाऊ, तुमच्या बाईच्या पायाले वास येऊन राहिला. अंगात ताप हाय. बडबडून राहिली. तुम्ही या.”

मी समोर पाहिलं. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दार उघडं ठेवून आत भेळ खात बसला होता. त्याला विचारायला मला वीस पावलं चालायचं होतं. मी चाललो नाही. ड्यूटीवरची गाडी माझ्या घरच्या माणसासाठी मागितली तर काय म्हणतील, याचा मी विचार करत बसलो. शेजारणीला म्हणालो, संध्याकाळी निघतो. आणि पुढच्या जखमीचं नाव लिहिलं. त्या दिवशी नदीवर हा थाट मांडणाऱ्या लोकांवर मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. दगड खायला हौसेने येणाऱ्यासाठी एवढा बंदोबस्त होऊ शकतो, तर मग वर्षभर आम्हाला जे सांगतात की सामान नाही, माणसं नाहीत, वरून आलं नाही, ते काय असतं? पण त्या रागात मी माझ्यापुरता आडोसा शोधत होतो, हेही खरं आहे. गाडी कोणी नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती.

ड्यूटी संपवून रात्री घरी पोहोचलो आणि सकाळी तिला सौंसरला एका खाजगी लॅबमध्ये आणलं. लॅबवाल्याने बोट टोचलं, पट्टीवर थेंब घेतला, मशीनकडे पाहिलं आणि पुन्हा दुसऱ्या बोटाला टोचलं. मशीनवर आकडा येत नव्हता. दोन इंग्रजी अक्षरं येत होती, एच आणि आय.

“हाय दाखवून राहिलं,” तो म्हणाला.

बाई ग्लानीत होती. तिने विचारलं, “काय हाय?”

“साखर, मावशी. मशीनच्या मोजण्याच्या वर गेली. तुम्ही इथे थांबू नका, नागपूरला न्या.”

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला घेतलं. आधी पायाची दोन बोटं काढली. चार दिवसांनी सांगितलं की विष वर चढतंय, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. वॉर्डातली डॉक्टर मुलगी पंचविशीची असेल. थकलेली होती, पण तिने सगळे कागद एकेक करून वाचले. आमच्याकडे कोणी कधी एवढे वाचले नव्हते.

“फेब्रुवारीत टीबी निघाला. तेव्हा शुगर केली नव्हती?”

तिने केंद्राचं कार्ड उलटलं.

“इथे तर ‘नाही’ लिहिलंय. म्हणजे केली होती. कुठे केली? रिपोर्ट कुठे आहे?”

“रिपोर्ट नाही,” मी म्हणालो.

“मग हे लिहिलं कोणी?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

तिने कार्ड परत गठ्ठ्यात ठेवलं. मग म्हणाली, “फेब्रुवारीत कळलं असतं तर या पायाला काही झालं नसतं. साध्या औषधात भागलं असतं.” तिने आवाज चढवला नाही. फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी सहीच्या कागदावर सही केली. नातं : भाऊ.

बाईचा पाय कापला त्याच महिन्याच्या शेवटी मी ऑफिसला परत आलो. टेबलावर रजिस्टरं साचली होती. बाईच्या गोळ्यांचे सहा महिने पूर्ण झाले होते, शेवटची थुंकी साफ आली होती. जुना ऑपरेटर म्हणाला, “तुम्हारी बहन का पेंडिंग दिख रहा है भैया. बैठक से पहले क्लोज करो.” मी ते पान उघडलं. उपचाराचा निकाल : यशस्वी. क्लिक केल्यावर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. बैठकीत साहेबांनी आमच्या ब्लॉकचं काम चांगलं असल्याचं सांगितलं आणि सगळ्यांना समोसे आले. मी समोसा खाल्ला. खोटं कशाला सांगू.

दिवाळीआधी बाईला घरी आणलं. मी महिनाभर तिच्याजवळ राहिलो, बिनपगारी. एका सकाळी तिच्या पोटाला इन्सुलिनची सुई लावताना मी तिला सगळं सांगितलं. रकाना, लाल यादी, ‘नाही’, केंद्रातल्या डॉक्टरसमोर गप्प बसलो ते, नदीवर गाडी मागितली नाही ते. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे बापा, माह्या नशिबात होतं. आयुष्यभर तिने मला असंच सोडलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “अजून कोनाकोनाचं लिवलं तसं?”

“सगळ्यांचंच.”

“सगळ्यायचं?”

“हो.”

“तुले शिकवलं थे याच्यासाठी का?”

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी केलेलं खायची, सुई लावून घ्यायची, कुबडी मागायची ती शेजारणीकडे. एकवीस दिवस. तिने मला माफ केलं असं मी समजत नाही. एका दिवशी तिला मीठ हवं होतं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती बोलली.

कामावर परत गेल्यावर मी ‘नाही’ टाकणं बंद केलं. तपासणी नसेल तिथे ‘माहीत नाही’. पंधरा दिवसांत आमच्या ब्लॉकची लाल यादी इतकी लांब झाली की साहेबांनी मला बोलावून घेतलं.

“हे काय चालवलंय तुम्ही?”

“सर, तपासलं नाही तर ‘नाही’ कसं लिहू?”

“आजवर कसं लिहीत होतात?”

“खोटं लिहीत होतो.”

“हळू बोला,” ते म्हणाले. उठून त्यांनी दार लावलं. “तुमच्या घरात झालं ते वाईट झालं. पण यात तुमचंच नाव येईल, समजतंय का? एंट्री तुमच्या आयडीवरून आहे.”

मी म्हणालो, येऊ द्या. शूरपणाने नाही, रागाने. कारण ते बरोबर बोलत होते. सगळ्या साखळीत नाव फक्त माझंच होतं. पट्ट्या न पाठवणाऱ्याचं नव्हतं, दोन आजारांना दोन खिडक्या करणाऱ्याचं नव्हतं, लाल यादीसाठी झापणाऱ्याचं नव्हतं, हिरव्या ठिपक्यांवर खूश होणाऱ्याचं नव्हतं.

नाव आलं नाही. चौकशीही झाली नाही. लाल यादीमुळे वरून पट्ट्यांचे डबे आले, चार-पाच महिने सगळ्या केंद्रांवर टीबीवाल्यांची साखर तपासली गेली. त्यात कितीतरी बाया निघाल्या, सगळ्या सुकलेल्या, पोस्टरवरच्या माणसाशी काही संबंध नसलेल्या. त्या काळात मी नीट जेवत होतो. मग डबे संपले. कंत्राटाचं नवं वर्ष लागलं तेव्हा माझं कंत्राट वाढलं, पण मला लसीकरणाच्या नोंदींवर बसवलं. टीबीचं काम जुन्या ऑपरेटरकडे गेलं. आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे, ऑफिसबाहेर नवी पाटी लागली आहे. आत त्याच खुर्चीत तोच माणूस काय टाकतो ते मी विचारत नाही. मला ते माहीत आहे.

बाईला एका शिबिरात नकली पाय मिळाला. तो तिला घासतो, म्हणून ती कुबडीच वापरते आणि पाय कोपऱ्यात उभा असतो. तिला दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. घरात फ्रीज नाही. मातीच्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात बाटली ठेवतो. बाटली मी दर महिन्याला एका सरकारी दवाखान्यातून घेतो आणि बसने नेऊन देतो.

मागच्या महिन्यात खिडकीवरचा माणूस म्हणाला, “स्टॉक नाही. पुढच्या आठवड्यात बघा.”

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि शेकडो वेळा बरं म्हणून वळलो आहे. त्या दिवशी वळलो नाही. मी विचारलं, “पुढच्या आठवड्यापर्यंत तिने काय घ्यायचं?”

“ते मी काय सांगू?”

“मग कोण सांगेल? त्याला बोलवा.”

तो खिडकी लावायला लागला. मी हात मध्ये घातला. माझा आवाज चढला. मी आयुष्यात कधी एवढ्या मोठ्याने बोललो नव्हतो. पट्ट्या, रकाने, पाय, सगळं एकदम तोंडातून येत होतं, त्याला त्यातलं काही समजण्यासारखं नव्हतं. गार्ड आला. माझ्यामागे एक म्हातारा उभा होता, तो गार्डला म्हणाला, “त्याले काऊन धरता? मलेही दोन खेपा परत पाठवलं.” मग एक बाई म्हणाली की तिच्या पोरीला लागतं. कोणी रांग सोडली नाही. आम्ही तिथेच जमिनीवर बसलो. तीनच्या सुमारास वरून कोणीतरी किल्ली घेऊन आलं, आणि स्टोअर उघडलं. रांगेतल्या प्रत्येकाला एकेक बाटली मिळाली. स्टॉक होता.

घरी पोहोचायला उशीर झाला. बाईने कारण विचारलं. मी ओल्या फडक्यातली बाटली तिच्या हातात दिली आणि जे झालं ते सांगितलं. माझ्या सांगण्यात थोडा अभिमान आला असावा.

तिने बाटली उजेडात धरून पाहिली.

“तुले ओरडता येते मंग,” ती म्हणाली आणि कुबडी ओढून मडक्याकडे गेली.